पासिंगचे तीन हजार मागितले म्हणून 1064 ला फोन केला, त्यानंतर काय काय झालं

मागच्या आठवड्यात कोर्टातली माझी साक्ष एकदाची संपली. सरकारी वकील मॅडम म्हणाल्या, आता तुमचं काम झालं, निकाल लागायचा तेव्हा लागेल. म्हणून आता लिहायला बसलेय. 2023 मध्ये हे सगळं सुरू झालं तेव्हा मी रात्र रात्र मोबाईलवर शोधत होते की एसीबीकडे, म्हणजे लाचलुचपत प्रतिबंधक विभागाकडे, तक्रार केली की तक्रारदाराचं पुढे नक्की काय होतं, घरी पोलीस येतात का, पैसे कोणाचे द्यायचे, पेपरात नाव येतं का, आपलं अडलेलं काम होतं की कायमचं लटकतं. सगळीकडे "लाच घेताना रंगेहाथ पकडले" एवढ्याच बातम्या. जिल्हा, ऑफिस, माणसं कुणाचंच नाव देणार नाहीये कारण केस चालू आहे आणि निकाल लागेपर्यंत ते दोघं, आरटीओतले इन्स्पेक्टर आणि एजंट, आरोपीच आहेत, गुन्हेगार नाहीत.

आमचा मंडप-डेकोरेशनचा धंदा. दोन पिकअप आहेत, त्यातली जुनी 2014 ची. गाडी आणि माणसं हे बघतात, बँक, जीएसटी, गाड्यांचे कागद सगळं माझ्याकडे. माल वाहणाऱ्या गाडीला 8 वर्षं झाली की पासिंग, म्हणजे आरटीओकडून फिटनेस तपासणी, दरवर्षी करावं लागतं, त्याआधी दोन वर्षांनी एकदा. जुन्या गाडीचं फिटनेस 14 फेब्रुवारी 2023 ला संपत होतं, म्हणजे ऐन लग्नसराईत. फिटनेस संपलेली गाडी रस्त्यावर काढली आणि काही झालं तर इन्शुरन्सवाले हात वर करतात, म्हणून मी जानेवारीतच वाहन पोर्टलवर अर्ज टाकला, फी भरली (सगळं मिळून हजाराच्या आत) आणि 31 जानेवारीची अपॉइंटमेंट घेतली.

पासिंगच्या आदल्या दिवशी गाडीचं काय काय करतात ते गाडीवाल्यांना सांगायला नको. धुऊन, रंगाचा हात मारून, डाव्या बाजूला मालकाचं नाव आणि वजनं नव्याने रंगवून, हॉर्न, वायपर, रिव्हर्स लाइट सगळं चेक करून, चेसिस नंबरचा पेन्सिलने प्रिंट काढून फाइल तयार. इन्शुरन्स, पीयूसी, टॅक्स, स्पीड गव्हर्नरचं सर्टिफिकेट, रिफ्लेक्टर टेपचं सर्टिफिकेट. हायकोर्टाच्या आदेशापासून ब्रेक टेस्टला 250 मीटरचा ट्रॅक लागतो, त्यावरही गाडी व्यवस्थित थांबली. तरी इन्स्पेक्टर साहेबांनी फाइल न बघताच म्हटलं, टेप चालणार नाही, बदलून आणा. का चालणार नाही ते नाही, कागदावर एक अक्षर नाही, फाइल परत.

मी फाटकाकडे निघाले तर पाठोपाठ एजंट आलाच. 2015 मध्ये तेव्हाचे परिवहन आयुक्त महेश झगडे यांनी आरटीओत एजंटांना बंदी घातली होती, ती तेव्हा खूप गाजली होती, आता एजंट फाटकाच्या बाहेर टपरीवर बसतात आणि काउंटरच्या आत काय चाललंय ते त्यांना आपल्या आधी माहीत असतं. हा म्हणाला, "वहिनी, टेपचं काही नाही हो, चार हजार लागतात, साहेबांचे तीन आणि आमची धावपळ. उद्या सकाळी गाडी न आणता पण करून देतो." हे शेवटचं वाक्य माझ्या डोक्यात राहिलं. गाडी न आणता! आमची गाडी ठीक होती, पण ब्रेक नसलेला एखादा डंपर असाच पास होऊन रस्त्यावर येत असेल ना.

तरी सरळ मार्गाने एकदा बघू म्हणून टेप पूर्ण बदलली, बाराशे गेले, नवं सर्टिफिकेट घेतलं, 6 फेब्रुवारीला परत ट्रॅकवर. आता हेडलाइटचा फोकस. म्हटलं साहेब, लेखी द्या काय काय बदलायचंय, एकदाच करून आणते. ते बघून हसले आणि पुढच्या गाडीकडे गेले. एजंट लांबूनच बोटांनी तीन दाखवत होता, म्हणजे चाराचे तीन झाले, माझ्यासाठी डिस्काउंट.

घरी भांडण झालं. हे म्हणाले, देऊन टाक तीन हजार, आपल्याला ह्याच लोकांत रोज गाड्या चालवायच्यात, लग्नाची दोन भाडी गेली तर तेवढं नुकसान होतंच. त्यांचं चूक होतं असं मला आजही वाटत नाही, हिशोबाने ते बरोबरच होतं. मी फक्त म्हटलं, दरवर्षी देणार का, आणि दुसऱ्या गाडीचे पण? 7 तारखेला संध्याकाळी मी गच्चीवर जाऊन 1064, म्हणजे एसीबीचा हेल्पलाइन नंबर, लावला.

फोन उचलणाऱ्याने अगदी मोजके प्रश्न विचारले. काम कोणत्या खात्यात आहे, काम कायदेशीर आहे का, पैसे कोणी मागितले, किती, कधी, काही आधीच दिलेत का, परत कधी भेट आहे. मग म्हणाले, जिल्ह्याच्या युनिटमधून फोन येईल, तोवर कुणाला बोलू नका आणि समोरच्याला नाही म्हणू नका. अर्ध्या तासात फोन आला. दुसऱ्या दिवशी सकाळी बोलावलं.

एसीबी राज्यात 1957 पासून आहे, गृह खात्याखाली येतो, मुख्यालय मुंबईत वरळीला, आठ परिक्षेत्रं आणि जिल्ह्याजिल्ह्यात युनिट, तिथे डीवायएसपी दर्जाचे अधिकारी प्रमुख. मला वाटलं होतं मोठं काहीतरी ऑफिस असेल, प्रत्यक्षात साधी जागा, चार-पाच खोल्या, साध्या कपड्यातली माणसं. महिला पोलीस निरीक्षक होत्या त्यांनी माझी तक्रार ऐकली. त्यांचा पहिला प्रश्न मला आवडला नव्हता तेव्हा, "तुमच्या गाडीत खरंच काही दोष आहे का?" मी जरा तडकून नाही म्हटलं. त्या म्हणाल्या, रागावू नका, हाच प्रश्न कोर्टात वकील विचारणार आहे, म्हणून आत्ताच सगळे कागद दाखवा. जुन्या टेपचं बिल, नव्या टेपचं बिल, अपॉइंटमेंटची पावती, फीची पावती. ही बिलं मी नेहमीसारखी फाइलला लावून ठेवली होती, ती पुढे फार कामाला आली.

तिथेच कायदाही समजावला. भ्रष्टाचार प्रतिबंधक अधिनियम 1988, त्यात 2018 ला दुरुस्ती झाली. कलम 7 सरकारी नोकरासाठी, 7अ त्याच्या नावाने पैसे घेणाऱ्या एजंटसारख्या खाजगी माणसासाठी, दोन्हीला 3 ते 7 वर्षं. आणि हे बऱ्याच जणांना माहीत नसतं, लाच देणारा पण कलम 8 खाली गुन्हेगार आहे, त्यालाही 7 वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. सूट दोनच ठिकाणी. बळजबरीने द्यावी लागली तर दिल्यापासून 7 दिवसांत तक्रार केली पाहिजे, किंवा आधी यंत्रणेला कळवून त्यांच्या सांगण्यावरून दिली पाहिजे. म्हणजे कुणी आधीच पैसे देऊन बसलं असेल तर ते 7 दिवस मोजायला लागा.

माझी समजूत होती की तक्रार दिली की दुसऱ्या दिवशी सापळा. तसं नसतं. आधी पडताळणी. मॅडमनी सांगितलेलं वाक्य मला पाठ झालंय कारण पुढे कोर्टातही सगळं त्याच्याभोवतीच फिरलं : पैसे सापडणं महत्त्वाचं नाही, मागणी सिद्ध होणं महत्त्वाचं. नोटा खिशात सापडल्या तर तो म्हणेल उसने परत केले, फी म्हणून ठेवायला दिले, कोणीतरी खिशात कोंबले. मागितले हे त्याच्या तोंडून आलं पाहिजे आणि ते ऐकणारा तिसरा माणूस पाहिजे.

तो तिसरा माणूस म्हणजे पंच. दुसऱ्या सरकारी खात्यातले दोन कर्मचारी बोलावतात, माझ्या केसमध्ये पाटबंधारे खात्यातले होते. पंच क्रमांक एक माझ्यासोबत राहणार, पंच दोन टीमसोबत. दोघंही माझ्याइतकेच घाबरलेले दिसत होते, पंच एक तर सारखे पाणी पीत होते. ठरलं की विचारलं तर हे माझे दीर. छोटा व्हॉइस रेकॉर्डर माझ्या पर्सच्या बाहेरच्या कप्प्यात ठेवला, तो चालू-बंद आम्ही करायचा नाही. आणि सूचना. तुम्ही स्वतःहून रक्कम बोलायची नाही. "किती देऊ" म्हणायचं नाही. तुम्ही फक्त कामाचं विचारायचं, पैशाचं त्याला बोलू द्यायचं. मंडपाच्या धंद्यात मी दिवसभर घासाघीस करते, गप्प बसून समोरच्याला बोलू देणं किती अवघड असतं ते तेव्हा कळलं.

9 फेब्रुवारी, गुरुवार. टपरीवर एजंट भेटला. मी म्हटलं, भाऊ, फोकस पण करून घेतला, आता तरी होईल का. तो म्हणाला, "फोकसचं सोडा, तीन सांगितलेत ना, उद्याच करतो." एवढं स्पष्ट. मला वाटलं झालं काम. ऑफिसला जाऊन रेकॉर्डिंग ऐकल्यावर मॅडम म्हणाल्या, ह्यात एजंटची मागणी आहे, साहेबांची नाही. उद्या साहेब म्हणतील मी ह्या माणसाला ओळखत नाही. म्हणून शुक्रवारी परत, ह्या वेळी थेट ट्रॅकवर. साहेब कागदावर सही करत होते. मी विचारलं, साहेब माझ्या गाडीचं? त्यांनी मान वर न करता म्हटलं, "त्याच्याशी बोलणं झालंय ना तुमचं? तीन त्याच्याकडे द्या आणि सोमवारी फाइल पाठवा." पंच एक माझ्या मागे दोन पावलांवर. त्या दिवशी गाडीत बसल्यावर माझे पाय लटलटत होते, घाबरून नाही, राग आला होता की एवढं सहज कसं बोलतो हा माणूस.

दोन्ही दिवसांचे पडताळणी पंचनामे झाले. पंचनामा म्हणजे सगळं टाइप होतं, वाचून दाखवतात, प्रत्येक पानावर सह्या. वेळ जातो. जेवणाचा डबा आणि चार्जर सोबत न्या, हे मी पहिल्या दिवशीच शिकले.

13 फेब्रुवारी, सोमवार, फिटनेस संपायच्या आदला दिवस. सकाळी साडेनऊला युनिटमध्ये. पैसे तक्रारदारानेच आणायचे असतात, नसतील तर सांगायचं, ते व्यवस्था करतात. मी पाचशेच्या सहा नोटा नेल्या. एकेका नोटेचा नंबर पंचनाम्यात उतरवला. मला वाटलं होतं हात गुलाबी होणारी ती पावडर असेल, ती फिनॉल्फ्थॅलीन, काही ठिकाणी ती वापरतात. माझ्या केसमध्ये अँथ्रासीन होती. साध्या उजेडात नोटेला काही लागलंय असं दिसतसुद्धा नाही. मग खोलीच्या खिडक्या लावून अल्ट्राव्हायोलेट दिवा धरून आम्हाला दाखवलं, पावडर लावणाऱ्या हवालदाराची बोटं निळसर चमकत होती, आणि पंचांचे हात, माझे हात, पर्स सगळं त्याच दिव्याखाली तपासून कोरं आहे हे लिहून घेतलं. महिला हवालदाराने माझी झडती घेतली. पर्समधून सगळं काढलं, चिल्लर, लिपस्टिक, देवीचा फोटो, सगळ्याची यादी झाली. नोटा त्या हवालदारानेच पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवल्या. मला सांगितलं, मागितल्याशिवाय हात लावायचा नाही, कुणाशी हात मिळवायचा नाही, आणि पैसे घेतले की चष्मा काढून ओढणीने पुसायचा. तो इशारा.

एजंटने दुपारी बाराची वेळ दिलेली. बाराला फोन, "वहिनी, साहेब व्हिजिटला गेलेत, तीनला या." तीनला म्हणाला चार. त्या चार तासांबद्दल लिहिण्यासारखं काही नाही पण तेच सगळ्यात वाईट होते. ऊन, गाडीत बसून राहायचं, चहा पण नको वाटत होता, पंच एकांचं पोट बिघडलं, घरून फोनवर फोन. युनिटमधल्या एकाने सांगितलं की असे सापळे बऱ्याचदा फसतात, समोरच्याला संशय येतो, तो येतच नाही, मग परत पहिल्यापासून. हे ऐकून धीर येण्याऐवजी उलटंच झालं.

सव्वाचारला टपरीमागे तो आला. आधी माझ्या "दिराकडे" बघितलं. मग म्हणाला, "आणलेत का तीन?" मी पर्स उघडली, नोटा काढून दिल्या. त्याने अंगठ्याला थुंकी लावून मोजल्या, दुमडल्या आणि शर्टाच्या खिशात टाकल्या. मी चष्मा काढला. पुसायचा होता पण हात असा थरथरत होता की चष्मा खाली पडला. तरी त्यांना कळलं. कोपऱ्यावर पंक्चर काढणाऱ्याशी बोलत उभे असलेले दोघं, मोटरसायकलवर बसलेला एक, सगळे एकदम आले आणि त्याचे दोन्ही हात मनगटापासून धरले. मला लगेच बाजूला नेलं. आरडाओरडा, मारहाण असलं काही नाही झालं. तो फक्त माझ्याकडे बघत होता आणि "वहिनी, हे काय" एवढंच म्हणाला.

त्यानंतर एजंटला साहेबांना फोन लावायला सांगितला, स्पीकरवर, पंचांसमोर. "आले का?" "हो साहेब, आले." मग साहेबांना त्यांच्याच ऑफिसातून घेऊन आले. रेकॉर्ड रूममध्ये अंधार करून दिव्याखाली एजंटचे हात बघितले, बोटं, अंगठा, शर्टाचा खिसा, जिभेचं टोक पण चमकलं, थुंकी लावली होती ना. शर्ट काढून पाकिटात सील केला, त्याला दुसरा शर्ट दिला. खिशातल्या नोटांचे नंबर सकाळच्या पंचनाम्याशी एकेक करून जुळवले.

पंचनामा रात्री साडेबारापर्यंत चालला. पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदवून घरी यायला तीन वाजले. हे बाहेर गाडीत झोपले होते.

दुसऱ्या दिवशी पेपरात आलं. एसीबीच्या प्रेसनोटची भाषा ठरलेली असते, "तक्रारदार महिला, वय 39", "आलोसे" म्हणजे आरोपी लोकसेवक आणि "खाजगी इसम". माझं नाव नाही. पण गावात कळायचं ते कळलंच, आरटीओच्या फाटकावर शंभर माणसांसमोर झालेली गोष्ट कशी लपणार. फिटनेसचं विचाराल तर एसीबीने अडलेलं काम मार्गी लावायला पत्र दिलं, 17 तारखेला दुसऱ्या इन्स्पेक्टरने गाडी नीट तपासली, वीस मिनिटं लागली, आणि नमुना 38, म्हणजे फिटनेस सर्टिफिकेट, मिळाला. टेप, फोकस कशाबद्दलच काही बोलला नाही.

त्यानंतरचा भाग कुणी सांगत नाही तो जरा सविस्तर सांगते. फेब्रुवारीच्या शेवटी आवाजाचा नमुना द्यायला बोलावलं, रेकॉर्डिंगमधला माझा आवाज माझाच आहे हे न्यायवैद्यक प्रयोगशाळेला जुळवायचं असतं. तेच तेच वाक्य पंचांसमोर वाचायचं. मार्चमध्ये मॅजिस्ट्रेटसमोर जबाब, तेव्हाचं कलम 164, नव्या कायद्यात ते 183 झालंय. तिथे पोलीस बाहेर असतात, फक्त तुम्ही आणि मॅजिस्ट्रेट. सापळ्यातल्या नोटा मुद्देमाल म्हणून जमा होतात, पण तेवढी रक्कम सरकार तक्रारदाराला परत देतं, त्यासाठी बँक पासबुकची झेरॉक्स आणि अर्ज द्यायचा, मला एप्रिलमध्ये मिळाली.

त्याच काळात घरी माणसं यायला लागली. एजंटची बायको आली, लहान मुलगी कडेवर. काही बोलली नाही फारसं, बसून रडली आणि गेली. साहेबांकडून कोणी आलं नाही पण धंद्यातल्या एका ओळखीच्या माणसाने चहाला बोलावून विचारलं की कोर्टात जरा सैल बोललीस तर काय बिघडतं, तुझं काम तर झालं. मी युनिटला फोन करून सांगितलं, मॅडम म्हणाल्या कोण आलं, कधी, काय बोललं ते लिहून ठेवा आणि दबाव वाटला तर लगेच कळवा. एजंटच्या बायकोचं मात्र मी कुणाला सांगितलं नाही.

इन्स्पेक्टर निलंबित झाले. सरकारी नोकर 48 तासांपेक्षा जास्त कोठडीत राहिला की निलंबन धरलंच जातं. दोघांना जामीन मिळाला. खटला चालवायला सरकारची मंजुरी लागते, कायद्यात त्याला 3 महिने आणि वर 1 महिना असं दिलंय. दोषारोपपत्र दाखल झालं 2024 च्या सुरुवातीला. खटला शक्यतो 2 वर्षांत संपवावा असंही कायद्यात आहे, त्यातला "शक्यतो" हा शब्द नीट वाचा. मधल्या काळात मी सगळं विसरत चालले होते, म्हणून सांगते, सापळ्याच्या आठवड्यातच एका वहीत तारीखवार सगळं लिहून काढा, कोण कुठे उभं होतं, काय कपडे होते, आधी कोण बोललं. कोर्टात वही नेता येत नाही पण आदल्या रात्री वाचता येते.

साक्षीच्या आधी सरकारी वकिलांनी बोलावून जबाब वाचायला दिला. त्यांनी सांगितलं, बरेच तक्रारदार ऐनवेळी फिरतात. सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने 15 डिसेंबर 2022 ला निकाल दिलाय की तक्रारदार फितूर झाला किंवा वारला तरी बाकीच्या पुराव्यावरून मागणी सिद्ध करता येते. पण मागणी सिद्ध व्हावीच लागते, हेही त्याच निकालात पक्कं केलंय. म्हणजे परत तिथेच आलो.

पिंजऱ्यात उभं राहिल्यावर पहिल्यांदा सीलबंद पाकीट फोडून नोटा दाखवल्या. पाकिटावर माझी सही, लाखेचा ठसा, त्या सहा नोटा. रेकॉर्डिंग लावलं तेव्हा माझाच आवाज मला ओळखू येईना, इतक्या बारीक आवाजात बोलत होते. उलटतपासणीत वकिलांनी आधी गाडीवर नेलं, टेप निकृष्ट होती हे खरं आहे काय, फोकस चुकीचा होता हे खरं आहे काय. बिलं रेकॉर्डवर होती, ती दाखवली. मग अपेक्षेप्रमाणे उसनवारी निघाली, की एजंटने माझ्या नवऱ्याला पूर्वी तीन हजार हातउसने दिले होते, तेच मी परत केले. मी म्हटलं, खोटं आहे. मग परत तोच प्रश्न दुसऱ्या शब्दांत. वकील मॅडमनी आधीच सांगितलं होतं, उत्तर लांबवू नका, आठवत नसेल तर आठवत नाही म्हणा, अंदाज सांगू नका. हे खरंच पाळा. एका ठिकाणी त्यांनी विचारलं त्या दिवशी एजंटच्या शर्टाचा रंग काय होता, मला आठवत नव्हतं, तसंच सांगितलं, जज साहेबांनी तसंच लिहून घेतलं आणि पुढे गेले. आकाश कोसळलं नाही.

मधल्या वर्षांत दोन्ही गाड्यांची पासिंगं झालीत. काही वेळा मुद्दाम ताटकळत ठेवतात असं वाटतं, नक्की सांगता येणार नाही, रांगा तशाही असतातच. पैसे मात्र मला कुणी मागितले नाहीत. इतरांना मागतात, ते दिसतं. शेजारच्या ट्रान्सपोर्टवाल्याने मला सरळ विचारलं, माझी पण फाइल तुझ्यासोबत ने ना.

कुणी करणार असेल तर एवढं बघा. आपले कागद आणि काम आधी चोख करा, खरंच काही कमी असेल तर ते लपवून तक्रार करू नका, पहिला घाव तिथेच बसतो. टोकन म्हणून पाचशे-हजार पण देऊ नका. एजंट किंवा साहेब फोनवर बोलले असतील आणि रेकॉर्डिंग असेल तर ते मूळ फोनमध्येच राहू द्या, कापू नका, व्हॉट्सअपवर कुणाला पाठवू नका, तो फोन विकू किंवा फॉरमॅट करू नका. नुसती रेकॉर्डिंग आहे म्हणून सापळा होत नाही, पडताळणी होतेच, त्यामुळे समोरच्याशी बोलणं तोडू नका, "पैशाची सोय करतेय, दोन दिवस द्या" एवढं पुरतं. घरात एकाला विश्वासात घ्या, दोघांना नको. सापळ्याचा पूर्ण दिवस मोकळा ठेवा आणि रात्र पण. आणि 1064 ला स्वतःच्याच नंबरवरून लावा, कारण युनिटवाले त्याच नंबरवर परत फोन करतात.